बंद पडलेली डिस्क आणि संयमाची कसोटी

गोदाकाठच्या गंगाखेडच्या बाजारपेठेत आता वह्यांची जागा संगणकाने घेतली आहे. वर्षभराची उधारी, जीएसटीची विवरणपत्रे, आजोबांची छायाचित्रे, कन्येच्या विवाहाचे चित्रीकरण हे सारे तळहाताएवढ्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कमध्ये सामावते. एके सकाळी ती उघडत नाही आणि सारे घर हवालदिल होते. त्यात जीएसटी कायद्यानुसार वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपणे बंधनकारक आहे.

अशा वेळी पहिले कर्तव्य म्हणजे थांबणे. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर ती तत्काळ काढून ठेवावी. आत मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या तबकडीवर वाचक टोक केसाहूनही कितीतरी सूक्ष्म अंतरावर तरंगत असते. ते तबकडीला घासू लागले की प्रत्येक फेऱ्यागणिक माहिती नष्ट होते. डिस्क घरी उघडू नये, फ्रीजमध्ये ठेवू नये; धूळ आणि दव दोन्ही घातक ठरतात. हे काम धूळमुक्त कक्ष असलेल्या तज्ज्ञांचेच.

आवाज नसेल तर आधी केबल आणि संगणक बदलून पाहावा. ‘फॉरमॅट करायचे का?’ या प्रश्नाला मात्र नकारच द्यावा. वहीची अनुक्रमणिका फाटली तरी पाने शाबूत राहतात. पुसलेल्या फाइलचेही बहुधा तसेच असते. तिच्या जागी नवे लेखन झाले, की मात्र ती कायमची जाते. म्हणून प्रथम दुसऱ्या निकोप डिस्कवर संपूर्ण प्रतिकृती घ्यावी आणि टेस्टडिस्क, फोटोरेक यांसारखी विनामूल्य साधने त्या प्रतिकृतीवरच चालवावीत. एसएसडीमध्ये पुसलेली माहिती लवकर नाहीशी होते, हेही ध्यानी असावे.

आशा सोडू नये. २००३ साली कोलंबिया अंतराळयान कोसळले. त्याच्या अवशेषांत सापडलेल्या जळक्या डिस्कमधून तज्ज्ञांनी जवळपास सर्व माहिती परत मिळवली.

तरीही खरा उपाय संकटापूर्वीचा आहे. श्रुत लुप्त होईल या चिंतेने आचार्य धरसेनांनी पुष्पदंत आणि भूतबली यांना ज्ञान दिले आणि षट्खंडागम लिपिबद्ध झाला, असे दिगंबर परंपरा सांगते. त्याच्या ताडपत्रांचा ठेवा मूडबिद्रीत दीर्घकाळ बंदिस्त होता. पुढे त्याच्या नकला झाल्या आणि १९३९ साली डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली पहिला खंड अमरावतीहून प्रकाशित झाला. ज्ञान तरले ते प्रतींमुळे.

आपणही तीन प्रती ठेवाव्यात: दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यांतील एक परगावच्या नातलगाकडे. दरवर्षी वहीपूजनाच्या दिवशी प्रत्येक प्रत उघडून वाचून पाहावी. न तपासलेली प्रत ही न मोजलेल्या रोकडीसारखीच. तिच्या भरवशावर निश्चिंत राहू नये.