झाडीपट्टीची तक्रार

व्हिडिओ गेम खेळणाऱ्या मुलांचा वर्तमानपत्रांवर एक राग असतो. खेळ कधी हातात न घेतलेली माणसेच त्यावर लिहितात, असे त्यांचे म्हणणे. वाचकहो, ही तक्रार नवी नाही. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या झाडीपट्टीतले नाटकवाले ती केव्हापासूनची करीत आले आहेत!

शहरी लेखणीला त्यांच्या नाटकात दिसते काय? भडक संवाद, कानठळ्या बसविणारे संगीत आणि मध्येच घुसडलेला नाच. नाच काही वेळा खरोखरच घुसडलेला असतो. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण बाकीचे कोण सांगणार? धान निघू लागले, की दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव हा हंगाम चालतो. दिवसा मंडई किंवा शंकरपट, रात्री नाटक. लेकी-जावई मुद्दाम गावी येतात. कडाक्याच्या थंडीत घोंगडी पांघरून, तिकीट काढून माणसे पहाटेपर्यंत बसतात. वडशाला, म्हणजे देसाईगंजला, नाटक मंडळ्यांच्या कचेऱ्या आहेत; गावकरी तेथे जाऊन प्रयोग ठरवितात. मुंबई-पुण्याच्या किती नाटकांना असा प्रेक्षक लाभतो?

परशुराम खुणे यांनी याच रंगभूमीवर ५,००० हून अधिक प्रयोग केले. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आदिवासी भागातल्या या विनोदी नटाचे नाव शहरातल्या कितीतरी नाट्यरसिकांनी तेव्हाच प्रथम ऐकले असेल.

टीका जरूर व्हावी. लिहिणाऱ्याने फक्त गोंदिया-बल्लारशा मार्गावर वडशाला उतरावे, तिकीट काढावे आणि पहिला अंक संपताच उठून येऊ नये.