नियंत्रण भुजा, मोटारगाडीची

मोटारगाडीच्या निलंबनात पुढील चाकाचा आस धरणारा भाग गाडीच्या चौकटीशी जोडणारा सांधेदार दुवा. गॅरेजमध्ये तळाच्या भुजेला ‘लोअर आर्म’ म्हणतात. भुजेच्या चौकटीकडील टोकास रबरी बुश व चाकाकडील टोकास गोलक सांधा (बॉल जॉइंट) असतो. त्यामुळे चाक वरखाली हलू व वळू शकते. परंतु जागेवरून सरकू शकत नाही.

प्रकार : दुहेरी भुजांच्या रचनेत (उदा., प्रीमियर पद्मिनी) मळसूत्री स्प्रिंगेचा दाब बहुधा भुजेवरच येतो. अर्ल मॅकफर्सन यांच्या रचनेत स्प्रिंग धक्काशोषकाभोवती बसविलेली असून सामान्यतः तळाची एकच भुजा पुरते. ब्रिटनमधील फोर्ड कॉन्सल व झेफर (१९५०) आणि भारतातील मारुती ८०० (१९८३) या गाड्यांत ही रचना होती.

झीज : रबर फाटल्यास वा सांधा सैल झाल्यास खड्ड्यात ठोके ऐकू येतात, ब्रेक लावताच गाडी एका बाजूस ओढते व टायर असमान झिजतात. सांधा निखळल्यास चाक कोलमडून गाडीवरील ताबा सुटतो.

बदलण्याची पद्धती : मॅकफर्सन रचनेतील भुजा काढताना स्प्रिंग सहसा मोकळी होत नाही, म्हणून हे काम घरी करता येण्याजोगे असते. दुहेरी भुजांच्या रचनेत मात्र दाबलेली स्प्रिंग वेगाने उसळून प्राणघातक इजा होऊ शकते. स्प्रिंग आवळून धरणाऱ्या साधनाशिवाय ते काम करू नये.

गाडी सपाट जागी उभी करून मागील चाकांना अटकाव लावतात. जॅकने उचललेली गाडी भक्कम टेकूंवर ठेवतात. केवळ जॅकच्या आधारावर गाडीखाली जाणे धोक्याचे असते. चाक काढून प्रथम गोलक सांधा व नंतर बुशाचे बोल्ट सोडवितात. या वेळी ब्रेकच्या नळीवर ताण येऊ देत नाहीत. स्वयंबंधक नट पुन्हा न वापरता नवे घालतात.

बुशाचे बोल्ट प्रथम हलकेच लावून, गाडीचा भार चाकांवर आल्यावरच निर्मात्याने दिलेल्या पिळानुसार आवळतात. बोल्ट आवळला की बुशाची आतील नळी स्थिर होते व भुजेच्या हालचालीबरोबर रबरास पीळ बसतो. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळल्यास गाडी उभी असतानाही रबर पिळलेले राहते आणि नवा बुश लवकर फाटतो. शेवटी चाकांची संरेखा (अलाइनमेंट) तपासून घेणे आवश्यक असते.