विश्लेषण : भातकापणीसाठी जुने कंबाइन हार्वेस्टर परवडते का? दाणे नेमके कुठे सांडतात?

भात पिवळे पडले, परतीच्या पावसाचे ढग घोंगावत आहेत आणि कापणीला मजूर मिळत नाहीत. पनवेल तालुक्यातील शेतकऱ्याला ऑक्टोबरमध्ये ही अडचण दरवर्षी भेडसावते. अशा वेळी भाड्याचे कंबाइन हार्वेस्टर बोलावले जाते आणि अनेकदा ते जुने असते. ‘जुने यंत्र दाणे सांडते’ अशी सार्वत्रिक तक्रार असते. ती कितपत खरी आहे आणि भाडे मोजण्याआधी शेतकऱ्याने काय तपासावे, याचा आढावा.

सुकापूर परिसरात यंत्राची गरज का वाढली?

रायगड जिल्हा भाताचे कोठार म्हणून ओळखला जातो. मात्र नवीन पनवेलहून माथेरानच्या पायथ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील सुकापूरमध्ये आता इमारतींची गर्दी आहे. सुकापूर ओलांडून नेरे, मालडुंग्याच्या दिशेने गेले की भाताची खाचरे दिसू लागतात. २०१३ मध्ये सिडकोकडे ‘नैना’ क्षेत्राच्या नियोजनाची जबाबदारी आली, तेव्हापासून तालुक्यातील अनेक गावांत जमिनीचा वापर बदलू लागला. घरातील तरुण नोकरी-व्यवसायाकडे वळले. शेती उरली, पण विळा धरणारे हात कमी झाले. हाताने कापणी, भारे बांधणे, वाहणे, झोडणी आणि वारवणे ही कामे अनेक दिवस चालतात. कंबाइन हे सगळे एकाच फेरीत करते.

कंबाइन नेमके काय करते?

कापणे, मळणे आणि साफ करणे ही तीन कामे यंत्र एकत्र, म्हणजेच ‘कंबाइन’ करते. अमेरिकेत हायरम मूर यांनी १८३६ मध्ये अशा यंत्राचे पेटंट घेतले. भारतात पंजाब ट्रॅक्टर्स कंपनीने १९८० मध्ये ‘स्वराज ८१००’ हे स्वयंचलित कंबाइन बाजारात आणले.

पुढची फिरती रील पीक आत ओढते, कटर बारची पाती ते कापतात. पीक ड्रममध्ये जाते आणि ड्रम व त्याखालची जाळी यांच्यामध्ये दाणे सुटतात. पेंढा हलत्या पट्ट्यांवरून मागे पडतो. दाणे चाळणीवर येतात, पंखा तूस व पोचट दाणे उडवतो आणि स्वच्छ भात टाकीत जाते. या प्रत्येक टप्प्यावर दाणा निसटण्याची जागा असते.

यंत्र जुने असले की नुकसान अधिक होतेच का?

तसे नाही. दाणा निसटतो तो यंत्राच्या वयामुळे नव्हे, तर झिजलेल्या भागांमुळे, चुकीच्या जुळणीमुळे आणि घाईमुळे. बोथट पाती पीक कापण्याऐवजी हिसकतात आणि लोंब्यांतील दाणे जमिनीवर झडतात. ढिला पट्टा ड्रमचा वेग कमी करतो, त्यामुळे लोंबीला दाणे तसेच राहतात. वेग जास्त असेल तर दाणा तुटतो आणि गिरणीत कणी वाढते. पंख्याचा वारा जोरात असेल तर भरलेले दाणेही तुसाबरोबर बाहेर जातात.

हे सगळे भाग बदलता किंवा जुळवता येतात. भाताच्या पेंढ्यात व तुसात सिलिका भरपूर असते, ती लोखंड झिजवते. म्हणून भातात चालणाऱ्या यंत्राची पाती, साखळ्या आणि ड्रमचे दात गव्हापेक्षा लवकर बदलावे लागतात. हे भाग वेळेवर बदललेले दहा वर्षांचे यंत्र, दुर्लक्ष झालेल्या दोन वर्षांच्या यंत्रापेक्षा चांगले काम करू शकते.

मात्र, जुन्या यंत्राची मूळ रचना पाहावी लागते. गव्हासाठी सहसा पट्ट्यांचा ड्रम, तर भातासाठी दातांचा ड्रम वापरतात. गव्हाचे यंत्र ड्रम न बदलता भातात घातले, तर निगा कितीही चांगली असली तरी काम नीट होत नाही.

भाड्याच्या हिशेबात घाई कुठून येते?

भाडे तासावर असेल तर शेतकरीच चालकाला ‘जरा पळवा’ म्हणतो. भाडे एकरावर असेल तर चालकाला पुढचे शेत गाठायचे असते. दोन्ही पद्धतींत घाई होते. यंत्र पळाले की ड्रम आणि चाळणीवर पेंढ्याचा थर वाढतो आणि दाणे त्या थरातून खाली पडण्याआधीच मागे फेकले जातात.

नव्या यंत्रावर कर्जाचा हप्ता असतो. कोकणातील भाताचा हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा असल्याने मालकाला प्रत्येक तास वापरावा लागतो. कर्ज फिटलेल्या जुन्या यंत्राच्या मालकाला दव सुकेपर्यंत किंवा खाचर वाळेपर्यंत थांबणे तुलनेने सोपे जाते. जुन्या यंत्राचा हा फायदा हिशेबात धरला जात नाही. दुसऱ्या बाजूला, ऐन कापणीत बेअरिंग तुटले आणि सुटा भाग मिळाला नाही, तर उभे पीक पावसात सापडण्याचा धोकाही जुन्या यंत्रातच अधिक. म्हणून नेहमी लागणारे सुटे भाग चालकाकडे आहेत का, हे आधीच विचारावे.

सांडलेले दाणे कसे मोजायचे?

त्यासाठी एक फूट लांब-रुंद चौकट पुरते. यंत्र शेताच्या मध्यावर थांबवून थोडे मागे घ्यायला सांगावे. मग तीन ठिकाणी दाणे मोजावेत. उभ्या पिकातील दाणे ही नैसर्गिक गळ. पीक कापले गेले, पण यंत्राचा मागचा भाग जिथे पोहोचला नव्हता, तिथले वाढीव दाणे म्हणजे रील व पात्यांचे नुकसान. यंत्राच्या मागे आणखी जे वाढले, ते ड्रम व चाळणीचे. मागे पेंढा एका पट्ट्यात पडतो, त्यामुळे कापणीच्या पूर्ण रुंदीत चार-पाच ठिकाणी चौकट ठेवून सरासरी काढावी. पेंढा झटकून त्यातील दाणेही मोजावेत.

हजार दाण्यांचे वजन २५ ग्रॅम धरले, तर चौरस फुटाला १० दाणे म्हणजे एकरी सुमारे ११ किलो भात. ४० दाणे सापडले, तर एकरी सुमारे ४४ किलो. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण भाताची हमी किंमत क्विंटलला २,३६९ रुपये आहे. त्या दराने हे नुकसान एकरी हजार रुपयांहून अधिक होते. उत्पादन एकरी १५ क्विंटल असेल, तर चौरस फुटाला १४ दाणे म्हणजे एक टक्का. पहिल्या फेरीतच मोजणी केली, तर वेग, पंखा किंवा रील बदलून उरलेले शेत वाचवता येते.

यंत्र शेतात उतरण्याआधी काय पाहावे?

पाती धारदार आणि सलग आहेत का, पट्टे ताणलेले आहेत का, दाणे वाहणाऱ्या नळ्यांच्या झाकणांना फटी आहेत का, हे डोळ्यांनी दिसते. फटीत चिंध्या कोंबलेल्या असतील, तर तेथून दाणे गळतात हे समजावे. इंजिन व बेअरिंगभोवती साचलेला भुसा आगीला निमंत्रण देतो. फिरत्या पट्ट्यांवरील जाळ्या काढून ठेवलेले यंत्र नाकारावे. मागच्या गावातील भात टाकीत व नळ्यांत उरलेले असते, ते झाडून घ्यावे. अन्यथा दुसऱ्या वाणाची आणि तणाची भेसळ होते. बियाणे राखणाऱ्यांनी याबाबत विशेष दक्ष राहावे.

शेतकऱ्याची तयारी कोणती?

कापणीच्या आठ-दहा दिवस आधी खाचरातील पाणी काढावे. दव सुकल्यावरच काम सुरू करावे. दाण्यात २० ते २५ टक्के ओलावा असताना कापणी योग्य ठरते. पीक जास्त सुकले तर दाणे झडतात. पीक आडवे पडले असेल, तर ते ज्या दिशेला झुकले आहे त्याच्या विरुद्ध बाजूने, सावकाश कापावे.

हाताने कापलेले भात शेतातच वाळते, यंत्रातील भात मात्र ओले असते. ते पोत्यात राहिले तर तापते. त्यामुळे त्याच दिवशी ते पसरण्यासाठी ताडपत्री आणि जागा हवी. साठवणीसाठी ओलावा १४ टक्क्यांच्या आत आणावा लागतो, तर सरकारी खरेदीसाठी मर्यादा १७ टक्के आहे.

यंत्र उंच धसकटे ठेवते आणि त्यात खोडकिडीच्या अळ्या राहतात. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ वैभव विळ्याने जमिनीलगत कापणीची शिफारस करते, त्यामागे हेच कारण आहे. यंत्राने कापणी केल्यास नंतर नांगरट करून धसकटे काढावीत. पेंढाही तुटतो, त्यामुळे गुरे असलेल्यांनी थोडे क्षेत्र हातकापणीसाठी ठेवणे शहाणपणाचे.

लहान खाचरांत हे जमेल का?

मोठ्या चाकांच्या यंत्राची कापणी १२ ते १४ फूट रुंद असते, त्यासाठी बांध आणि वाट दोन्ही अडचणीचे ठरतात. रबरी पट्ट्यांवर चालणारे, सुमारे दोन मीटर रुंदीचे यंत्र कोकणातील ओलसर खाचरांना अधिक सोयीचे असते. त्याचा भार पसरतो, त्यामुळे भातानंतर वाल पेरायची जमीनही कमी दबते.

तरीही दोन-चार गुंठ्यांसाठी यंत्र आणणे परवडत नाही. हळवे, निमगरवे आणि गरवे वाण शेजारी-शेजारी असतील, तर एक खाचर पिकते तेव्हा दुसरे हिरवे असते. शेजारच्या शेतकऱ्यांनी पेरणीपूर्वीच एकाच कालावधीचे वाण ठरवले, तर सलग क्षेत्र एकाच दिवशी कापता येते आणि यंत्र आणण्याचा खर्चही वाटला जातो. यंत्राची वाट जिथून जाते त्या जमीनमालकाची संमती मात्र पावसाळ्याआधीच घ्यावी लागेल. इमारती वाढत चाललेल्या सुकापूर परिसरात यंत्र मिळण्याइतकीच ती खाचरापर्यंत नेणारी वाटही महत्त्वाची ठरणार आहे.