अहेर माशाची अडलेली वाट

बालाघाटाच्या माथ्यावरील येरमाळ्याच्या आसपास पडणारा पाऊस दोन निरनिराळ्या वाटांनीं समुद्रास मिळतो. कांहीं पाणी तेरणा व मांजरा या नद्यांतून गोदावरीस जातें. कांहीं सीना व भीमा यांच्या मार्गानें कृष्णेस जातें. दोन्ही प्रवाह अखेरीस बंगालच्या उपसागरांतच पोंचतात. पाणी खालीं जातें हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु अशा वाटांनीं कांहीं जीव समुद्राकडून वर येतात, हें फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. ‘अहेर’ नांवाचा सापासारखा लांबट मासा हा त्यांपैकीं एक होय.

ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी कर्नल साइक्स यांनीं १८३९ सालीं दख्खनच्या माशांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांत पुण्याच्या मुळा-मुठेंतील अहेराची नोंद असून, साइक्स यांनीं त्याच्या शास्त्रीय नांवांत एल्फिन्स्टनसाहेबांचें नांव गुंफलें होतें. पुण्यापासून नदीच्या वाटेनें समुद्र हजाराहून अधिक किलोमीटर दूर आहे. मग समुद्रांत जन्मणारा हा मासा पुण्यास कसा पोंचला?

अहेराचा जन्म समुद्राच्या खोल पाण्यांत होतो. त्याचें पिलूं प्रथम झाडाच्या पानासारखें चपटें असतें आणि प्रवाहाबरोबर वाहत किनाऱ्याकडे येतें. तेथें त्यास काचेसारखें पारदर्शक, दोऱ्यासारखें रूप येतें. मग तें नदीच्या मुखांत शिरून प्रवाहाविरुद्ध चढूं लागतें. दगडकपारींच्या आश्रयानें अहेर नदींत अनेक वर्षें वाढतो. पूर्ण वयांत आल्यावर पुराच्या पाण्याबरोबर पुनः समुद्राकडे निघतो, तेथें अंडीं घालतो आणि मरतो. नदी ही त्याची कर्मभूमि. जन्म आणि मरण मात्र समुद्राचें.

या प्रवासाच्या वाटेवर माणसानें भिंती घातल्या. गोदावरीवर दवलेश्वर येथें १८५२ सालीं आणि कृष्णेवर बेजवाडा, म्हणजे आजचा विजयवाडा, येथें १८५५ सालीं बंधारे पूर्ण झाले. त्यांची उंची बेताची होती, आणि अहेराचें लहान पिलूं ओल्या दगडावरून सरपटत चढूं शकतें. परंतु पुढें आलीं तीं धरणें निराळ्या जातीचीं होतीं. मांजरेवर १९३१ सालीं निजामसागर झाला. कृष्णेवर नागार्जुनसागर व श्रीशैलम् झालीं. भीमेवर १९८० सालीं उजनी पुरें झालें. नागार्जुनसागराची भिंतच सुमारें १२४ मीटर उंच आहे. अशा कोरड्या भिंतीवर बोटभर पिलानें चढावें कसें?

अडचण केवळ चढण्याची नाहीं. उतरणाऱ्या मोठ्या अहेरास वीजगृहाची वाट लागली, तर टर्बाइनचीं फिरतीं पातीं त्याच्या लांब शरीराचे सहज तुकडे करतात. शिवाय पहिला पूर हीच त्याची निघण्याची खूण असते. तो पूर जलाशयांत अडविला गेला म्हणजे खालच्या पात्रांतील माशास ती खूण मिळत नाहीं. कोठें कोठें तर पाण्याची दिशाच पालटली आहे. मुळा नदीचें पाणी मुळशीच्या धरणांत अडवून १९२७ पासून भिरा येथील वीजगृहाकडे, म्हणजे कोंकणांत, उतरविलें जातें.

या हानीचें एक लक्षण फार फसवें आहे. धरण बांधल्यावर मासा लगेच नाहींसा होत नाहीं. अहेर दीर्घायुषी असल्यामुळें वरच्या पाण्यांत तो वर्षानुवर्षें दिसत राहतो, आणि कोळ्याच्या जाळ्यांत तो सांपडला म्हणजे सर्व कांहीं ठीक आहे असें वाटतें. वस्तुतः तेथील प्रत्येक मासा म्हातारा होत असतो व त्याच्या मागून नवें पिलूं येत नसतें. शेवटचा अहेर केव्हां गेला, याची नोंदहि मग कोणी ठेवीत नाहीं.

महसीर या माशासाठीं लोणावळ्यास वळवणच्या तलावाकांठीं टाटांच्या वीज कंपनीनें पैदास-केंद्र चालविलें. तेथें कृत्रिम रीतीनें वाढविलेलीं पिलें इतरत्र नेऊन सोडतां आलीं. तो मासा नदींतच अंडीं घालतो, म्हणून तें साधलें. अहेरास मात्र समुद्र हवा. त्याचें बीज हौदांत सहजीं तयार होत नाहीं. त्याला वाटच मोकळी करून दिली पाहिजे.

ही गोष्ट अशक्य नाहीं. परदेशांत धरणाच्या कडेनें ब्रशासारखे केस बसविलेली उतरती पन्हळ ठेवून तींतून थोडें पाणी सोडतात. पिलें त्या केसांच्या आधारानें वर चढतात. न्यूझीलंडांत वायकाटो नदीवरील करापिरो धरणाच्या पायथ्याशीं पिलें पकडून वरच्या जलाशयांत नेऊन सोडतात. उतरणाऱ्या माशांसाठीं पुराच्या मोजक्या रात्रीं टर्बाइनें थांबवून सांडव्यावरून पाणी सोडतां येतें. अर्थात् एकाच धरणावर हे उपाय करून भागत नाहीं. समुद्रापासून वरपर्यंत एकहि पायरी तुटली, तर सारा जिना निरुपयोगी होतो.

वीज ही घरोघरची गरज आहे, आणि धरणें पाडून टाकावीं असें कोणी समंजस मनुष्य म्हणणार नाहीं. परंतु धरणाचा हिशेब मांडतांना जमीन, सिमेंट व यंत्रें यांच्या खर्चाबरोबर माशांच्या वाटेचाहि खर्च मांडला पाहिजे. येरमाळ्याच्या माथ्यावरचें पाणी आजहि उताराच्या वाटेनें समुद्राकडे जातें. समुद्राकडून वर येणाऱ्याची वाट अडविली ती माणसानें. म्हणून ती मोकळी करण्याचें कामहि त्याचेंच आहे.