लोकलमधून पडलात, तिकीट हरवले. तरी भरपाईचा हक्क संपत नाही

6 डिसेंबरला दादरला येणाऱ्या गाड्या असोत की रोजची कामावर जायची लोकल, दारात लटकून प्रवास करणारी बहुतेक पोरे आपल्याच वस्त्यांमधली असतात. वस्तीत काम करताना आम्हाला एक वाक्य वारंवार ऐकू येते, "पोरगा दारात उभा होता, चूक त्याचीच. तिकीटही सापडलं नाही. आता काय मिळणार?" या समजुतीपायी अनेक घरे अर्जच करत नाहीत. म्हणून कायदा काय म्हणतो, ते नीट समजून घेऊ.

रेल्वे कायदा 1989 च्या कलम 124अ नुसार प्रवासी चालत्या गाडीतून अपघाताने पडला, तर रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. आत्महत्या, स्वतःला मुद्दाम केलेली इजा, स्वतःचे गुन्हेगारी कृत्य, नशा, वेड किंवा नैसर्गिक आजार, एवढेच अपवाद आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये रीना देवी प्रकरणात दोन गोष्टी स्पष्ट केल्या. चढता-उतरताना झालेला निष्काळजीपणा म्हणजे स्वतःला केलेली इजा नव्हे. आणि जवळ तिकीट सापडले नाही, एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही. प्रवासाची हकीकत प्रतिज्ञापत्रावर मांडता येते. मग ती खोडून काढण्याची जबाबदारी रेल्वेवर येते.

मात्र हरवलेले तिकीट वेगळे आणि न काढलेले तिकीट वेगळे. बिनतिकीट प्रवाशाला हे संरक्षण नाही. रूळ ओलांडताना झालेला अपघातही या कलमात बसत नाही. म्हणून गर्दी कितीही असो, तिकीट काढाच.

1 जानेवारी 2017 पासून मृत्यूसाठी 8 लाख रुपये आणि जखमीला इजेच्या स्वरूपानुसार जास्तीत जास्त 8 लाख रुपये अशी तरतूद आहे. अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे करायचा. महाराष्ट्रात मुंबई आणि नागपूर येथे त्याची खंडपीठे आहेत. मुदत एक वर्षाची. उशीर झाला, तर सबळ कारण द्यावे लागते.

खरी लढाई पहिल्या दिवशीच्या कागदावर असते. स्टेशन मास्तरांचा मेमो, लोहमार्ग पोलिसांची नोंद आणि जबाब, पंचनामा, दवाखान्याचे केसपेपर यांच्या प्रती मिळवा. गाडीतून पडलेल्या माणसाच्या कागदावर "रूळ ओलांडताना" असे लिहिले गेले, तर दावा अडकतो. म्हणून सही करण्याआधी जबाब वाचून घ्या. सोबतच्या प्रवाशांची नावे आणि फोन नंबर लिहून ठेवा. तिकीट किंवा पास असेल तर त्याचा फोटो काढा.

एसटी किंवा शहर बसचा अपघात असेल, तर मार्ग वेगळा. तेथे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जावे लागते. मोटार वाहन कायद्यात अर्जासाठी सहा महिन्यांची मुदत लिहिली आहे, त्यामुळे थांबू नका.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून कुणी मागे हटू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 नुसार अनुसूचित जाती-जमाती, महिला, मुले आणि दिव्यांग यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. 1990 च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात जातीचा दाखला घेऊन जा. टक्केवारी मागत दवाखान्याबाहेर फिरणाऱ्या दलालांना कोऱ्या कागदावर सही देऊ नका.

प्रत्येक विहारात दोन तरुणांनी एवढी माहिती पक्की केली, तरी जखमी माणसाच्या घरी पहिल्याच दिवशी योग्य माणूस पोहोचेल. भरपाई म्हणजे कुणाची दया नव्हे, तो प्रवाशाचा हक्क आहे.

जय भीम!