नंदुरबारच्या अंगणात ओकलीफ हायड्रेंजिया लावावी का? आणि नाही, तर काय लावावं?

परदेशातल्या घरांच्या रील्समध्ये एक झुडूप हमखास दिसतं. पांढऱ्या फुलांचे लांबट घोस आणि थंडीच्या तोंडावर लालबुंद होणारी कातरलेली पानं. हीच ओकलीफ हायड्रेंजिया. पानं ओक झाडासारखी, म्हणून हे नाव. पण तुम्ही नंदुरबार, शहादा किंवा तळोद्याला राहत असाल, तर ऑनलाइन रोप मागवण्याआधी हे वाचा.

पहिली अडचण थंडीची. हे झुडूप मूळचं अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या जंगलातलं. अलाबामाने तर १९९९ मध्ये त्याला राज्याचं रानफूल ठरवलं. तिथे ते मोठ्या झाडांच्या सावलीत वाढतं आणि हिवाळ्यात पानं गाळून विश्रांती घेतं. आधीच्या मोसमात धरलेल्या कळ्या ही थंडी मिळाल्यावरच नीट फुलतात.

तुम्ही म्हणाल, अक्कलकुव्यातल्या डाबला दवबिंदू गोठतात की! गोठतात, पण ते मोजक्या पहाटे. या झुडपाला सलग काही आठवडे गारवा लागतो. शिवाय मैदानी भागात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दुपारच्या उन्हात पानं करपतात.

दुसरी अडचण मातीची. हायड्रेंजियाला थोडी आम्लधर्मी आणि पाण्याचा निचरा होणारी माती लागते. तापीकाठची काळी माती बहुधा चुनखडीयुक्त असते. अशा मातीत झाडाला लोह मिळत नाही आणि पानं पिवळी पडतात. पावसाळ्यात पाणी साचलं की मुळं कुजतात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. हायड्रेंजियाची पानं आणि कळ्या खाल्ल्या तर शेळ्या-गुरांना विषबाधा होऊ शकते. दारात जनावरं असतील तर हा धोका नकोच.

हौस भागवायचीच असेल, तर समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच असलेल्या तोरणमाळसारख्या ठिकाणी कुंडीत, सकाळचं ऊन आणि दुपारची सावली देऊन प्रयोग करता येईल. मैदानात मात्र पैसे आणि पाणी दोन्ही वाया जाण्याचीच शक्यता जास्त.

मग लावायचं काय? उत्तर सातपुड्यातच आहे. धायटी!

हिवाळा सरत आला की धायटीच्या फांद्या लाल फुलांनी भरून जातात. त्यातल्या मधासाठी शिंजीर पक्षी येतात. हीच फुलं आयुर्वेदात आसव-अरिष्ट आंबवायला वापरतात. झुडूप साधारण माणसाच्या उंचीचं किंवा थोडं जास्त वाढतं आणि खडकाळ, कोरड्या जागीही तग धरतं.

लावायची पद्धत सोपी आहे. जूनमध्ये चांगला पाऊस झाला की उन्हाची जागा निवडा. माती काळी असेल तर त्यात मुरूम आणि शेणखत मिसळा. रोप जमिनीपेक्षा थोड्या उंचवट्यावर लावा, म्हणजे बुंध्याशी पाणी साचणार नाही. पहिला उन्हाळा आठवड्यातून एक-दोनदा पाणी द्या आणि बुंध्याभोवती पालापाचोळा पसरा. छाटणी फुलं संपल्यावरच करा. रोप जंगलातून उपटून आणू नका, रोपवाटिकेत विचारा.

अंगणात सावलीच जास्त असेल तर अडुळसा लावा. पांढरी फुलंच हवी असतील तर तगर आहे. दोन्हींना बर्फाळ हिवाळ्याची गरज नाही.