पाण्यातून निघालेली गाडी आणि इंजिनाचा ठोका

तेलंगणातल्या उटनूर-इंद्रवेल्लीच्या पट्ट्यात पावसाळ्यात नाले भरले की सखल पुलांवरून पाणी वाहतं. भीती मात्र फक्त या नाल्यांचीच नाही. हैदराबादला ऑक्टोबर 2020 मध्ये, चिपळूणला जुलै 2021 मध्ये आणि नागपूरला सप्टेंबर 2023 मध्ये घरांसमोर उभ्या असलेल्या गाड्या बुडाल्या होत्या. अशी एखादी गाडी धुऊनपुसून विकायला आली, तर पुराची नोंद आरसी बुकात सापडत नाही. मग काही महिन्यांनी इंजिनातून ठकठक ऐकू येते आणि घेणाऱ्याची झोप उडते.

‘पाणी सुकलं, आता धोका नाही’ हा सगळ्यात महाग पडणारा गैरसमज. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. 1248 सीसीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन घ्या. एका सिलिंडरला 312 सीसी येतात. दाबाचं प्रमाण साडेसतरा पट धरलं, तर पिस्टन पूर्ण वर आल्यावर त्याच्या डोक्यावर जागा उरते जेमतेम 19 सीसी, म्हणजे चार छोटे चमचे. त्याहून जास्त पाणी आत गेलं आणि कुणी सेल्फ मारला, की पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. पेट्रोल इंजिनात ही जागा थोडी जास्त असते, इतकाच फरक. रॉड किंचितच वाकला असेल तर गाडी पुन्हा चालू होते, रस्त्यावर धावतेही. पण पिस्टन तिरका दाब घेत राहतो, बेरिंग एका कडेने झिजतं आणि ठोका उशिरा सुरू होतो. पाणी केव्हाच गेलेलं असतं, आवाज करतो तो वाकलेला लोखंडी दांडा.

दुसरा गैरसमज दोन्ही बाजूंनी बोलला जातो. विकणारा म्हणतो, ‘टॅपेट वाजतोय’. घाबरलेला मालक म्हणतो, ‘इंजिन गेलं’. आवाज नीट ऐकला तर बरंच उलगडतं. टॅपेटची टिकटिक हलकी असते, वरच्या बाजूने येते आणि इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकदा पडते. रॉड बेरिंगचा ठोका जड असतो, खालून येतो, रेस वाढवली की त्याच प्रमाणात वाढतो आणि तेल तापून पातळ झाल्यावर जास्त ठळक होतो. पिस्टन सैल असेल तर उलट, थंड इंजिनात खडखड आणि गरम झाल्यावर कमी. पेट्रोल गाडी चढावर दाबल्यावरच खणखणत असेल तर साचलेला कार्बन, पेट्रोलची प्रत किंवा पाण्याने गंजलेलं नॉक सेन्सरचं कनेक्शन तपासावं. त्यासाठी इंजिन खोलायची घाई करू नये. डिझेलमध्ये एखादं नोझल बिघडलं तरी हुबेहूब रॉडसारखं वाजतं. थंड आणि गरम इंजिनात आवाज बदलतो, म्हणून गाडी विकणाऱ्याकडे आधीच गरम करून ठेवलेली असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर ऐकायला जा.

‘तेल स्वच्छ आहे, म्हणजे पाणी गेलं नव्हतं’ हेही खरं नाही. तेल बदलायला अर्धा तास पुरतो. चहासारखं दुधाळ तेल पाणी मिसळल्याची खूण आहे, पण ते हेड गास्केटमधूनही येऊ शकतं. जाड तेल घातल्याने ठोका काही दिवस दबतो, झीज भरून येत नाही.

खात्री करायची तर कॉम्प्रेशन टेस्ट. चारांपैकी एकाच सिलिंडरचा आकडा घसरला असेल तर संशय पक्का करायला प्लग किंवा नोझल काढून बोअरस्कोप आत सोडावा. वाकलेल्या रॉडचा पिस्टन वरपर्यंत पोचत नाही, म्हणून त्या सिलिंडरच्या भिंतीवरचा काजळीचा पट्टा इतरांपेक्षा खालपर्यंत उतरलेला दिसतो. ही खूण मला सगळ्यात बोलकी वाटते. शेवटी इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उतरवून तेलात धातूची चमकी आहे का ते पाहावं. गाडी एमएच पासिंगची, म्हणजे महाराष्ट्रात नोंदलेली असेल, तर एनओसीच्या मागे लागण्याआधी विमा क्लेमचा इतिहास मागा.

आणि आपलीच गाडी नाल्यात बंद पडली तर सेल्फ मारू नका. ढकलून बाहेर काढा, एअर फिल्टर उघडून पाहा. तो ओला असेल तर गाडी टो करून न्या. मिस्त्रीने प्लग किंवा नोझल काढून इंजिन आधी हाताने फिरवावं, म्हणजे आतलं पाणी उडून जातं.